नदी समुद्राला मिळते ती जागा आईला दाखवायचीय – बेळगावहून केरी (पेडणे) किनाऱ्यावर कुणी गेलंय का?

कंग्राळीकर_७

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण जरा सविस्तर लिहितो.

आई आता ६८ वर्षांची आहे. सगळं आयुष्य कंग्राळीत गेलं, शेतात आणि मार्कंडेय नदीवर धुणं धुण्यात. समुद्र तिनं एकदाच बघितलाय, कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडातून बसनं गोव्याला गेलेली तेव्हा कळंगुटला, अर्धा तास, आणि त्यातला निम्मा वेळ सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली म्हणते. परवा गावात सप्ताह होता. कीर्तनात महाराजांनी नदी सागराला मिळते तो दृष्टांत दिला आणि घरी आल्यावर आई मला विचारते, "बाळ, मिळती म्हणजे डोळ्यांनी दिसतं काय रे ते? कुठं जाऊन बघायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि मग लक्षात आलं की आपल्याकडच्या नद्या समुद्राकडं पाठ करूनच जातात. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, मलप्रभा पण कृष्णेलाच, आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचा समुद्र गाडीनं चार तासांवर आणि आपलं पाणी जातंय अख्खा देश ओलांडून. त्यामुळं नदीचं तोंड आईनं बघितलं नाही आणि खरं सांगायचं तर मी पण नीट बघितलेलं नाही.

तर अशी जागा पाहिजे जिथं नदी समुद्राला मिळताना समोर दिसते, वाळू आहे, कर्कश गाणी आणि वॉटर स्पोर्टवाले नाहीत, आणि आईला फार चालावं लागणार नाही, गुडघा दुखतो तिचा. सकाळी निघून रात्रीपर्यंत परत यायचंय. ऑफिसातल्या एकानं केरी सांगितलं, तेरेखोलच्या समोर. कुणी गेलंय का? कसं आहे?

निपाणी_बस_स्टँड

गेलोय दोनदा. डोळे झाकून जावा. आम्ही आंबोलीनं गेलेलो, सावंतवाडी, तिथनं मळेवाड, आरोंदा आणि किरणपाणीचा पूल उतरला की गोवा लागतो, नदी सतत उजव्या हाताला. तुम्हाला चोर्ला जवळ पडेल.

जांबोटीचा_पाऊस

थांबा थांबा, निघायच्या आधी हे वाचा, कारण आमचं जे झालं ते तुमचं होऊ नये.

केरी नावाची गावं गोव्यात एकापेक्षा जास्त आहेत! चोर्ला घाट उतरला की पहिलं मोठं गाव लागतं ते पण केरीच, सत्तरी तालुक्यातलं, अंजुणे धरणाच्या पायथ्याशी. एक केरी फोंड्याकडं आहे. आणि तुम्हाला पाहिजे ते पेडणे तालुक्यातलं, गोव्याच्या एकदम उत्तरेच्या टोकाला. गेल्या वर्षी आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो, पुढची गाडी माझी, मागच्या गाडीतल्या मेहुण्यानं मॅपवर नुसतं केरी टाकलेलं आणि घाट उतरल्यावर त्याचा फोन, "पोचलो की, पण समुद्र कुठंय?" बिचारा देवळासमोर गाडी लावून लोकांना बीच विचारत होता आणि आम्ही तोपर्यंत साखळीच्या पुढं गेलेलो. एक तास गेला त्यात. तर मॅपवर "केरी पेडणे" किंवा सरळ "तेरेखोल किल्ला" टाका, आणि त्यातही ध्यान असू द्या की किल्ला नदीच्या पलीकडं आहे, किनारा अलीकडं.

रस्ता असा: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी (सत्तरी), साखळी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, शिवोली, चोपड्याचा पूल, मांद्रे, हरमल आणि मग केरी. साधारण सव्वाशे किलोमीटर. म्हापशाला गर्दी लागते, बाकी ठीक. घाटात वळणं फार, आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि आलेपाक ठेवा जवळ. परतताना अंधार व्हायच्या आत घाट चढायचा बघा, कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, मी तीनदा बघितलेत, एकदा तर वळणावर बरोबर मधोमध उभा होता.

आणि जाता जाता कणकुंबीला पाच मिनिटं थांबा. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. म्हादई पण आपल्या खानापूर तालुक्यातच जन्मते, भीमगडच्या रानात, आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. डोंगराच्या या अंगाला पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात आणि त्या अंगाला पडलेला अरबी समुद्रात. आम्ही लहानपणी पागोळ्यांखाली उभं राहून यावरनं भांडायचो, हे पाणी कुठलं आणि ते कुठलं.

कंग्राळीकर_७

जांबोटीचे पाऊस, फार आभार. मी पण नुसतं केरीच टाकणार होतो बघा.

संकेश्वरी

मला एक बोलायचंय, राग मानू नका. असल्या जागांची नावं अशी उघड का लिहायची? आमची हिरण्यकेशी आंबोलीला जिथं उगम पावते तिथं मी लहानपणी बाबांबरोबर जायची. गुहेतनं पाणी येतं, देऊळ, शांतता. आता रविवारी गाडी लावायला जागा नसते. एकानं टाकलं, दुसऱ्यानं व्हिडिओ केला, झालं. केरीचं तसंच व्हावं असं वाटतं का कुणाला?

निपाणी_बस_स्टँड

ताई मुद्दा पटतो पण मग ह्या माणसानं आईला कुठं न्यायचं? ज्याला ओळखीपाळखी आहेत त्यानंच चांगल्या जागा बघायच्या काय?

माहेर_पेडणे

मी लिहू का? माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, केरीपासून दोन गावं सोडून. लग्न होऊन शहापूरला आले त्याला बावीस वर्षं झाली, आता बेळगावचीच म्हणा.

संकेश्वरी ताई, नाव लपवून काही होत नाही हो. हरमल शेजारीच आहे, मध्ये फक्त एक टेकडी. लोकांना माहीत आहेच. पण काय घेऊन येतात आणि काय टाकून जातात हे आपल्या हातात आहे. माझ्या भाच्याच्या तळपायात त्याच किनाऱ्यावर बाटलीची काच गेली, सात टाके. वाळूत पुरलेली होती. कुणीतरी प्यायलं, फोडलं, वर वाळू ओढली आणि गेलं. ज्या पोरानं आयुष्यात कधी चप्पल घालून किनाऱ्यावर पाय ठेवला नव्हता तो आता बूट घालून जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

आता जागेबद्दल. तेरेखोल नदी मनोहरगडाच्या बाजूनं येते, बांद्याजवळनं, आरोंद्याजवळनं, आणि शेवटी वळून समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण काठावर केरी. जेटी आहे, तिथनं फेरीबोट पलीकडं तेरेखोलला जाते. जेटीच्या पुढं सुरूचं बन आणि त्यासमोर वाळू, ती पार दक्षिणेच्या खडकापर्यंत. आम्ही लहान होतो तेव्हा सुरूचं बन खूप रुंद होतं. समुद्रानं बरंच खाल्लं, झाडं मुळांसकट आडवी झालेली मी बघितलीत, म्हणून मग काही ठिकाणी दगडाचा बांध घातलाय. तो बघून निराश होऊ नका, पुढं वाळू मोकळी आहे.

सुरूच्या सावलीत चादर टाकून बसायचं. आईंना तिथनं नदीचं तोंड, समोर किल्ला, डावीकडं समुद्र सगळं बसल्या जागी दिसतं. चालायची गरजच नाही.

वाळूवर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली असते, आपट्यासारखं जोडपान, तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा तिथपर्यंत. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते म्हणून ती तुडवू नका, तिच्यावर गाडी तर अजिबात नको. आमच्या तालुक्यात मोरजी-मांद्र्याला थंडीत कासवं अंडी घालायला येतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास, आणि पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना तरी लागतो. त्यांना असली शांत, अंधारी वाळूच लागते. रात्री दिवे आणि गाणी लावली की मादी तशीच परत फिरते.

तिनईघाट

माहेर_पेडणे, मर्यादवेल हे नाव पहिल्यांदा ऐकलं. काय नाव आहे!

कंग्राळीकर, तुमच्या एका वाक्याला थोडी दुरुस्ती. आपल्या सगळ्याच नद्या पाठ फिरवत नाहीत. लोंढ्याजवळनं जी पांढरी नदी जाते ती काळीला मिळायची सुप्याला, आता तिथं धरण आहे, आणि काळी कारवारला समुद्राला मिळते. म्हणजे खानापूर तालुक्यातलं थोडं पाणी पश्चिमेला पण जातं. आमच्या रामनगरात जुन्या सुप्याचे लोक आहेत, गाव धरणात गेलं म्हणून उठून आलेले. त्यांच्यातले म्हातारे अजून सांगतात की संगमावर आमचं गाव होतं.

काळीचं मुख पण बघण्यासारखं आहे. उत्तरेला सदाशिवगड आणि देवबाग, पुढं माजाळी, आणि माजाळीच्या पलीकडं तीळमाती म्हणून छोटा किनारा, वाळू खरंच काळ्या तिळासारखी, हातात घेतली तर कण वेगवेगळे दिसतात. पण तिथं टेकडीवरनं चालत जावं लागतं, आईंना जमणार नाही. रस्ता जोयडा, अणशी, कद्रा असा जंगलातनं. काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोसळला, एक ट्रक नदीत गेला, तेव्हापासून नवीन पुलावरनंच वाहतूक. आईंसाठी केरीच बरं, पण तुम्ही एकदा इकडं या.

वडगाव_विणकर

तेरेखोलचं नाव निघालं म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही त्या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे त्याच्या सात वर्षं आधी. त्या काळात गोव्यातले कितीतरी कार्यकर्ते बेळगावात राहून काम करायचे. आमची आजी सांगायची, गल्लीतल्या प्रत्येक घरातनं सत्याग्रहींसाठी भाकऱ्या जायच्या, कोण खाणार ते विचारायचं नाही, टोपली भरून द्यायची.

किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचं चॅपल आहे. नदीच्या पलीकडं असूनही तेरेखोल गाव गोव्यात, आणि त्याच्या भोवती सगळा महाराष्ट्र. सीमेवरच्या माणसाला असलं गाव बघून आत काहीतरी हलतं. आईंना फेरीबोटीनं पलीकडं नक्की न्या.

कंग्राळीकर_७

तात्या, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आईची आई पण अशाच भाकऱ्यांची गोष्ट सांगायची, कुणासाठी ते आज कळलं.

पोरं पण येणारेत बरोबर, १४ आणि ११ ची. पाण्यात उतरू देऊ का?

जांबोटीचा_पाऊस

नदीच्या तोंडाशी अजिबात नको. हे मी हात जोडून सांगतो.

जागा दुसरी होती, नाव लिहीत नाही. माझा चुलतभाऊ, पोहायला चांगला, विहिरीत वाढलेला पोरगा. ओहोटी चालू होती. पाणी कमरेपर्यंत, एकदम शांत, लाट नाही काही नाही, समुद्रापेक्षा इथंच बरं म्हणून तो नदीच्या बाजूला सरकत गेला. एक पाऊल टाकलं तर खाली वाळू होती, दुसरं टाकलं तर काहीच नव्हतं. नदीचा मुख्य प्रवाह तिथनं खणून गेलेला असतो आणि काठ एकदम तुटतो, वरनं कळत नाही. तो गेला तो सरळ आत. आम्ही काठावरनं ओरडतोय आणि त्याचं डोकं लहान होत चाललंय. तो आमच्याकडं तोंड करून जीव खाऊन हात मारत होता आणि तरी मागंच जात होता. सुदैवानं एक होडी जाळी घेऊन परतत होती, त्या काकांनी त्याला काखेत धरून वर घेतला. होडीत बसल्यावर ते त्याला एवढंच म्हणाले, "नदी बाहेर जायत होती, तू उलटो कित्याक येय होतंस?"

म्हणून: ओढ लागली तर किनाऱ्याकडं सरळ पोहायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हलवायचा, आणि ओढीला आडवं, किनाऱ्याला समांतर सरकायचं. पण मुळात तिथं उतरायचंच नाही.

माहेर_पेडणे

शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं मुलांना शिकवतात की शांत पाण्याला जास्त भ्यायचं. भरती-ओहोटीत पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं, आणि भरतीत खाडीत भरलेलं सगळं पाणी ओहोटीला त्या एका तोंडातनं बाहेर पडतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. पोरांना भिजायचं असेल तर तोंडापासून लांब, दक्षिणेकडं जिथं जीवरक्षक बसतात तिथं, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि लाल बावटा असेल तर तेही नाही.

वेळ काढायचा जुना हिशोब सांगते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. आमच्या बाजूला त्याच्या थोडं आधीच होते. मग साधारण सहा तासांनी ओहोटी. कालनिर्णय घरात असतंच, बघून निघा. फेरीबोट ओहोटीला पाणी फार उतरलं की कधी कधी थांबते, तेही धरा हिशोबात.

संकेश्वरी

पाऊणपटीचा हिशोब वहीत लिहून घेतला. आणि माझं वरचं बोलणं थोडं मागं घेते. आईंना न्याच. फक्त जाताना एक रिकामं पोतं गाडीत टाका.

कंग्राळीकर_७

(तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, माफ करा.

देवदिवाळी होऊन दोन दिवस झालेले, तृतीया. पाऊणपट सव्वादोन, थोडं आधी म्हणजे दीडच्या सुमारास भरती पूर्ण. साडेपाचला निघालो. कणकुंबीला थांबलो, आईनं मलप्रभेला हळद-कुंकू वाहिलं. साडेदहाला केरीत, पेडण्याच्या. माणसं मोजून वीस असतील, त्यातले निम्मे जाळी विणत बसलेले.

सुरूखाली चादर टाकली. आई म्हणाली, "मी हितंच बसतो, तुम्ही जावा." आम्ही गेलो लांब दक्षिणेला. पोरांना पाण्यापेक्षा वाळूतल्या बारीक खेकड्यांचंच वेड लागलं. मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात, सावली पडली की गुडूप. धाकटी पाऊण तास पालथी पडून बघत होती, श्वास रोखून, आणि एक खेकडा तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर गोळ्या करत राहिला.

परत आलो तर आई जागेवर नाही. माझ्या पोटात गोळा आला. बघतो तर जेटीच्या बाजूला पायरीवर बसलेली, एका मावशींबरोबर गप्पा मारत, त्यांची कोकणी आणि हिची कंग्राळीची मराठी. पदर ओला. मला बघून म्हणाली, "अरे, ते महाराज सांगत्यात तसं न्हाईच की हितं. नदी कुठं चाललीय? समुद्रच आत आलाय. चाखून बघितलं मी, खारट हाय." भरती चालू होती ना, पाणी उलटं, समुद्राकडनं आत चाललेलं. सुरूची एक वाळकी फांदी तरंगत नदीतनं वर वर जात होती, आई तिच्याकडं बोट दाखवत होती.

आम्ही जेवलो, भाकरी, शेंगाची चटणी, दहीभात. मावशींनी घरनं सोलकढी आणून दिली, पैसे घेईनात, मग आईनं कुंद्याचा डबाच त्यांच्या हातात ठेवला. दीड वाजता पाणी थांबलं. अगदी थांबलं, तळ्यासारखं. आणि मग अर्ध्या तासानं फांद्या-पानं हळूहळू समुद्राकडं सरकायला लागली. तीन वाजता तर मधोमध फेसाची एक रेघ दिसत होती, इकडं मातकट हिरवं आणि पलीकडं निळं. आई दोन तास ते बघत बसली. मी म्हटलं चल तेरेखोलला, फेरीबोट लागलीय, वडगावचे तात्या म्हणालेत नक्की ने. म्हणाली पुढच्या खेपेला.

पोतं नेलेलं. पोरांनी अर्धं भरलं, दोन फुटक्या बाटल्या त्यात. म्हापशात परत अडकलो, पण घाट उजेडातच चढलो.

आता नवीन काम. आईनं भजनी मंडळात सगळं सांगितलंय आणि बारा जणी तयार झाल्यात, टेम्पो ट्रॅव्हलर करायचा म्हणतात. डबे घरचेच, स्पीकर नाही, टाळ नेतील तेवढे. घाटाचा विचार करता चोर्लानं न्यावं की आंबोलीनं?

माहेर_पेडणे

आंबोलीनं या, म्हातारी माणसं असतील तर तो घाट सोसवतो. उधाणाचे दिवस टाळा, पंचमी-षष्ठीला सकाळी दहाच्या सुमारास या, ओहोटी संपून भरती लागते तेवढ्यात, म्हणजे पाणी वळताना सगळ्यांना दिसेल. आणि दिवस ठरला की मला कळवा, मी पण येते, गाडीत तेरावी जागा ठेवा.